चिकटणाऱ्या तांदळाच्या शोधात

लोक प्रवासाला जातात ते काहीतरी बघायला. मी गोंदिया जिल्ह्यात चार दिवस हिंडले ती बिघडणारा भात कुठे मिळतो हे विचारत. या बाजूला ज्यांना यायचं असेल त्यांनी जंगलाची आणि पक्ष्यांची माहिती दुसऱ्या कुणाकडून घ्यावी. माझ्याकडे भाताची आहे, आणि थोडीफार एका माशाची.

आधी मी कोण ते सांगते. सांगलीच्या एसटी आगारात तीस वर्षं मी आरक्षणाच्या खिडकीमागे बसले. समोरचा माणूस काय मागतोय हे त्याने तोंड उघडायच्या आत मला कळायचं, आणि ते मिळणार नाही हेही. मुलगा अभय बँकेत आहे. जूनमध्ये त्याची बदली गोंदियाला झाली, तीन वर्षांसाठी. सून प्राची पुण्यातल्या कंपनीचं काम घरूनच करते, म्हणून तीही आली. गणपतीत तिला दिवस गेल्याचं कळलं आणि मी सांगलीच्या घराला कुलूप लावून मसाल्यांचे सात डबे घेऊन इकडे आले. ते सात डबेच पुढे नडले.

माझ्या फोडणीचा वास आला की प्राची बाथरूमकडे पळायची. आधी मी हिंग बंद केला. मग कढीपत्ता. मग मोहरी. शेवटी शेवटी मी नुसती कढई हातात घेतली तरी ती पळायची. पाचवा महिना लागला तरी पोरगी बिस्किटं आणि लिंबूपाण्यावर. दिवाळीनंतर डॉक्टरीणबाईंनी वजन केलं तर ते दोन किलोने उतरलेलं. त्या म्हणाल्या, "ती जिथे जेवेल तिथे तिला ठेवा." हे पुण्याला प्राचीच्या आईच्या कानावर गेलं आणि संध्याकाळपर्यंत तिकीट निघालं. चार दिवसांनी दुपारची गाडी. बाळंतपण तिकडेच, आणि त्यानंतरचं कुणी काही बोलत नव्हतं.

खरं सांगते, मला ती जायला नको होती. नातवंड हे कारण होतंच, पण तेवढंच नव्हतं. मला ती आवडते. तोंडावर बोलते, भांडते, पाच मिनिटांनी विसरते. अभयशी भांडणं म्हणजे भिंतीशी टेनिस. आणि माझ्या हातचं खाऊन माझी सून बारीक झाली, हे मला मरेपर्यंत ऐकावं लागलं असतं, इतर कुणाकडून नाही तर माझ्याचकडून.

त्या रात्री मी तिला विचारलं, "बाई गं, काय खावंसं वाटतं ते एकदा सांग."

ती डोळे मिटून म्हणाली, "सुशी."

माझ्या मधल्या नणंदेचं नाव सुशी. तिला पाहून भूक लागलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पण ही सुशी निराळी होती. प्राचीने फोनवर चित्रफीत दाखवली. जपानातला एक माणूस गार भात घेतो, त्यात आंबट काहीतरी ओततो, काळ्या कागदात माशाबरोबर गुंडाळतो आणि सुरीने त्याचे तुकडे करतो. पुण्यात ती मैत्रिणींबरोबर दर महिन्याला हे खायची म्हणे. मी पूर्ण बघितलं. कुठेही फोडणी नव्हती. पदार्थ म्हणून मला त्याची कीव आली, पण आशाही वाटली.

आणि डोहाळे राहिले की बाळाचा कान फुटतो, हे तर तुम्हाला माहीत असेलच. हसू नका. अभयच्या वेळी मला पौषात बर्फाचा गोळा हवा होता. सासूबाई म्हणाल्या, थंडीत नाही. अभय पस्तिशीला आला, डावा कान अजून वाहतो.

पहिला दिवस: गोंदिया

गोंदिया हे महाराष्ट्रातलं गाव असलं तरी बाजारात हिंदी बोलावं लागतं. माझं हिंदी सांगलीच्या आगारातलं, म्हणजे फक्त "छुट्टा नहीं है" एवढ्यापुरतं पक्कं.

अभयने एक मोठं हॉटेल शोधून ठेवलं होतं, ज्याच्या पाटीवर सात देशांची नावं होती. मी वेटरला विचारलं, सुशी आहे का. तो न अडखळता म्हणाला, "माँजी, आज ख़त्म हो गई।"

"कल थी?"

"कल भी ख़त्म थी।"

मी तीस वर्षं लोकांना "फुल्ल आहे" सांगितलेली बाई. तो चेहरा मी ओळखते. मी हलले नाही. शेवटी मॅनेजर आला आणि म्हणाला, "हम बना देंगे, फोटो दिखाइए।" तासाभराने डबा मिळाला. घरी प्राचीने झाकण उघडलं. बासमतीचे लाडू, त्यांवर कोबीचं पान, पानावर शेव, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर एक लाल चेरी. तिने बराच वेळ बघितलं आणि झाकण लावून टाकलं. "त्यांनी मेहनत घेतलीय," एवढंच म्हणाली. ते लाडू अभयने खाल्ले आणि वर विचारलं, "आई, उरलेत का अजून?"

तेव्हा मी ठरवलं, मीच करणार. प्राचीने मला नियम सांगितले. मासा, आंबट, काळा कागद वगैरे नंतर, पण सगळ्यात आधी भात चिकटला पाहिजे. शिताला शीत धरून राहिलं पाहिजे. मी तिला दोनदा विचारलं. पस्तीस-छत्तीस वर्षं मी मोकळ्या भातासाठी जिवाचं रान केलं. लग्न ठरताना सासऱ्यांनी माझ्या हातचा भात ताटात पसरून शितं वेगळी होतात का ते पाहिलं होतं. आणि आता हे.

तांदळाच्या पेठेत गेले. गोंदिया म्हणजे तांदळाचं गाव, इथे गिरण्यांची धुराडी मोजायला गेलं तर मान दुखते. पहिल्याच दुकानात म्हटलं, "भैया, चिपकनेवाला चावल देना।"

त्याने तराजू खाली ठेवला. "माताजी, हमारे यहाँ का दाना-दाना अलग रहता है। पका के गिन लीजिए।"

"अलग नहीं चाहिए। चिपकना चाहिए।"

त्याने आतून भावाला बोलावलं. दोघांनी मला नीट न्याहाळलं. भाऊ हळूच म्हणाला, "आपको भेजा किसने?"

दुसऱ्या दुकानात मालक रागावला. तिसऱ्या दुकानात मालकाला इतकं लागलं की त्याने मला तीन वर्षं जुना तांदूळ मूठभर पुडीत बांधून दिला, घरी शिजवा आणि मग बोला म्हणाला. गोंदियात तांदळाला चिकट म्हणणं म्हणजे सांगलीच्या पेठेत हळदीला फिकी म्हणण्यासारखं आहे, हे मला तोवर कळलं नव्हतं. ज्या रिक्षातून परत आले तो रिक्षावाला सगळं ऐकून म्हणाला, "नया चावल चिपकता है, मौसी। गोरेगाँव के बाज़ार में नया आया है। पर कोई बोलेगा नहीं।"

दुसरा दिवस: गोरेगाव

मुंबईच्या गोरेगावशी याचा संबंध नाही. हे तालुक्याचं गाव आहे, चहूकडून धानाच्या बांध्यांनी, म्हणजे भाताच्या खाचरांनी, वेढलेलं. मी गेले तेव्हा अर्ध्या बांध्या कापून झालेल्या आणि अर्ध्यांत बायका वाकलेल्या होत्या. आमच्याकडे शेत म्हणजे ऊस, आत शिरलेला माणूस दिसत नाही. इथे शेतात कोण काय करतंय ते एसटीतून सगळं दिसतं, आणि गाडीतले लोक त्यावर मोठ्याने मत देतात.

आठवडी बाजार भरला होता. तांदळाची ओळ वेगळी. कुणी गोणी उघडून बसलेलं, कुणी सुती कापडावर ढीग लावून. मी पहिल्या बाईपुढे बसले आणि साधं विचारलं, "तुमचा तांदूळ चिकटतो का हो?"

"माहा नाई चिकटत," ती म्हणाली आणि शेजारच्या माणसाकडे हनुवटी केली. "त्याचा चिकटते."

शेजाऱ्याला विचारलं. त्याचा नाही, पलीकडच्याचा चिकटतो. पलीकडच्याचा नाही, त्याच्या पलीकडचीचा चिकटतो. अशी मी ओळीने आठ जणांकडून फिरले आणि आठव्याने बोट दाखवलं ते पहिल्या बाईकडे. ती उठून उभी राहिली. मग जे झालं त्याला मी जबाबदार आहे हे मान्य करते. एकाने दुसऱ्याच्या ढिगातली मूठ उचलून "हा पाह्य, हा पाह्य" करत लोकांना दाखवली. दुसऱ्याने पहिल्याच्या बापाच्या शेतीबद्दल काही सांगितलं. मी माझी पिशवी उराशी धरून मध्ये उभी.

तेवढ्यात ओळीच्या टोकाचे एक गृहस्थ आले. साठीचे, अंगात पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. नाव पटले. ओळीत त्यांचा मान दिसत होता, कारण ते आल्यावर लोकांनी मुठीतला तांदूळ खाली सोडला.

"काऊन वो बाई," ते म्हणाले, "बाजारात आग कायले लावून राहिल्या?"

मी म्हटलं, "आग नाही हो. माझ्या सुनेला पाचवा महिना आहे. अन्नाला शिवत नाही. तिला चिकट भाताचे डोहाळे लागलेत."

भांडणारे सगळे माझ्याभोवती गोळा झाले.

"डोहारे?" पटले म्हणाले. या बाजूच्या बोलीत ळ नाही, त्याच्या जागी र येतो. डोळ्याचा डोरा होतो, काळ्याचा कारा. "चिकट भाताचे डोहारे?"

"हो."

"मंग आधी काऊन नाई सांगितलं?"

त्यांनी मला बाजूला उभ्या असलेल्या टेम्पोच्या मागे नेलं. इकडे तिकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून, एखाद्या माणसाने घरातली गोष्ट सांगावी तसं ते म्हणाले, "माहा चिकटते. यंदाचा नवा आहे. परवा बायकोनं शिजवला अन् म्हने, हा भात नाई, कागद चिकटवाची खर आहे. पन बाई, हे इथंच राहू द्या. माहं नाव आहे बाजारात."

मी शपथ घेतली. हे लिहिताना त्यांचं आडनाव दिलंय, पण इकडे गावात दहा घरं सोडून अकरावं पटल्यांचंच, त्यामुळे शपथ मोडली असं मी धरत नाही.

त्यांनी तांदूळ आपल्या दुपट्ट्यात बांधला, वर दोन वांगी ठेवली, म्हणजे कुणी विचारलं तर वांगी म्हणता येईल. पैसे घेईनात. डोहाळ्याच्या धान्याचे पैसे घेत नाहीत म्हणाले. मी टेम्पोमागून बाहेर पडते तोच पहिल्या बाईने माझा पदर ओढला. "तेचा काय चिकटते," ती कानाशी म्हणाली. "माह्या भातानं पोरानं पतंग चिकटवली. थे अजून उडून राहिली." तिनेही पुडी दिली. मग तिसरा आला. त्याच्या भातात पळी उभी राहते म्हणे. चौथीच्या घरी मांजराने तोंड लावलं तर त्याच्या मिशा एकमेकींना चिकटल्या. अर्ध्या तासापूर्वी जी माणसं चिकट शब्दावरून एकमेकांवर उठली होती ती आता एकेक करून, हळू आवाजात, माझाच सगळ्यात वाईट म्हणून सांगत होती. मी पाच पुरचुंड्या घेऊन बाजारातून निघाले, आणि प्रत्येकाची शपथ वेगळी.

भातात मासाही घालायचाय हे मी निघताना बोलले, तेव्हा पटल्यांनी विचारलं, "अन् मासोरी?" मासोरी म्हणजे मासोळी. मी म्हटलं, ती कुठे बघावी कळत नाही. "नवेगाव बांधले जा. तलावावर कौसल्याबाई आहे. माहं नाव सांगा. भाताचं नका सांगू."

तिसरा दिवस: नवेगाव बांध

हा तलाव केवढा आहे ते सांगून समजायचं नाही. आमच्या कृष्णेला पूर आला की जेवढं पाणी दिसतं तेवढं इथे बारा महिने शांत बसलेलं असतं. भोवती टेकड्या, टेकड्यांवर जंगल, काठाला डोंगे, म्हणजे लहान लाकडी होड्या. मी दहा मिनिटं नुसती उभी राहिले आणि प्राचीला इथे आणायला हवं असं मनात आलं. मग आठवलं की परवा या वेळी ती पुण्यात असेल.

कौसल्याबाई जाळ्याची भोकं सांधत बसल्या होत्या. ढिवराची, म्हणजे इकडच्या कोळ्यांची बाई, पन्नाशीची, माझ्याहून लहान, पण पहिल्या वाक्यापासून मला अरेतुरे. सांगलीत असं कुणी केलं असतं तर मी उत्तर दिलं असतं. इथे बरं वाटलं.

"काय पाह्यजे तुले?"

मी फोन काढून ती जपानी चित्रफीत दाखवली. शेजारच्या दोन बायकाही हात पुसत बघायला आल्या. तिघींनी पूर्ण पाहिली. जपानी माणसाने एक तुकडा दोन काड्यांनी उचलला, हळूच तोंडात टाकला, डोळे मिटले.

"एवढुसाच खाते?" कौसल्याबाई म्हणाल्या.

"एका वेळी एक."

"मंग कामाले कवा जाते?"

मी सगळं समजावून सांगितलं. गार भात, त्यात आंबट, वर मासा, आणि हे सगळं सुनेच्या डोहाळ्यासाठी. त्यांनी जाळं खाली ठेवलं.

"थंडा भात."

"हो."

"आंबट."

"हो."

"वरतं मासोरी."

"हो."

"बाई, हे तं बासी आहे. रातच्या भातात पानी टाकून ठेवाचं, सकारी आंबट होते, वरतून भुंजलेली मासोरी खाची. आमी उन्हाराभर हेच खातो. तेच्यासाठी थो मानूस फोटो कायले काढून राहिला?"

म्हणजे मी सांगलीहून हजार किलोमीटर येऊन, दोन दिवस बाजार पेटवून, ज्याचा शोध घेत होते ते इथे न्याहारीला खातात. पण प्राचीने शिळं खाऊ नये असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, त्यामुळे आंबटपणा बाटलीतल्या व्हिनेगरचा घ्यावा लागणार होता. मासाही कच्चा चालणार नव्हता. मी ते सांगताच कौसल्याबाईंनी डोळे वटारले. "कच्ची कोन खाते? मांजरीले डोहारे लागले काय?" मग डॉक्टरीणबाई शहाणी आहे असा निर्वाळा दिला.

काळ्या कागदापाशी आम्ही अडलो. अभयने तो मागवला होता, पण यायला आठ दिवस होते. ते समुद्रातलं शेवाळ असतं म्हटल्यावर एक बाई म्हणाली, "शेवार? म्हशीच्या पाठीले लागते थे?" आणि तिघी इतक्या हसल्या की एक डोंगेवाला काय झालं म्हणून काठाला आला. हसणं संपल्यावर कौसल्याबाई घरामागे गेल्या आणि कोचईची पानं घेऊन आल्या. मी पानं हातात घेतली आणि ओरडायचीच राहिले होते. कोचई म्हणजे आमचं अळू. पान पसरायचं, सारण लावायचं, घट्ट गुंडाळायचं, उकडायचं, कापायचं. अळूवडी मी झोपेत करू शकते. सुशी म्हणजे दुसरं काय, बेसन काढून टाकलेली अळूवडी.

गुंडाळायला जपान्याकडे काड्यांची छोटी चटई होती. कौसल्याबाईंकडे मासे अडवायची बांबूच्या काड्यांची विणलेली पट्टी होती, जुनी. त्यांनी विळ्याने वीतभर तोडून दिली. वास होता, पण वास माशाचाच होता.

मग त्यांनी जेवायला बसवलं. भात, झिंग्यांचा रस्सा, जवसाची चटणी. मी सवयीने विचारलं, भाकरी आहे का. त्यांनी हातातला डाव थांबवला. "काऊन, बिमार आहेस?" या बाजूला भात हेच जेवण. मी तीन वेळा भात घेतला आणि नंतर तिथेच डोंग्याला टेकून डुलकी काढली.

मासा मरळ ठरला, काटे कमी म्हणून. मी म्हटलं, साफ करून द्या. "मेलेली नेशीन तं गोंदियापर्यंत वास मारन," त्या म्हणाल्या, आणि हातभर लांब जिवंत मरळ पाण्यासकट अॅल्युमिनियमच्या डब्यात सोडून वर फडकं बांधून दिलं. मरळ बिनपाण्याचाही बराच वेळ जगतो, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला ती चांगली बातमी वाटली.

परतीच्या एसटीत कंडक्टरने डब्याकडे बघितलं. तरुण मुलगा, नुकताच लागलेला.

"आजी, यात काय आहे?"

"मासा."

डबा आतून वाजला. "जिवंत आहे?"

"अजून तरी."

"जिवंत जनावर नेता येत नाही."

मी याचीच वाट बघत होते. "कुठल्या कलमाखाली?" मी विचारलं. "मी तीस वर्षं खात्यात काढलीत. सामान म्हणून धरलं तर वजनात बसतं. प्रवासी म्हणून धरलं तर उंची कमी आहे, तिकीटच लागत नाही. बोला." तो पोरगा विचारात पडला. तेवढ्यात गाडी खड्ड्यात गेली, फडकं सुटलं आणि मरळाने स्वतःच निर्णय घेतला.

पुढची दहा मिनिटं मला नीट सांगता येणार नाहीत. मरळ चालतो म्हणत नाही, पण जातो. तो सीटांखालून थेट मागे गेला, तिथल्या बायकांनी पाय वर घेतले, मग तो पुढे आला. एका म्हाताऱ्याने काठी घातली, त्याला मी ओरडले. कुणी तरी म्हणालं, "सोडा ना बाई, कायले पाह्यजे एवढी?" मी सीटखालूनच ओरडले, "सुनेचे डोहाळे आहेत."

डोहाळे म्हटल्यावर या जिल्ह्यात माणसं काय करतील सांगता येत नाही. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली. कंडक्टरने तिकिटाचं यंत्र सीटवर ठेवलं, गुडघ्यांवर बसला आणि एका बाईच्या शालीत मासा धरला. रस्त्याकडेच्या हातपंपावर दोघांनी पंप मारला, डब्यात ताजं पाणी भरलं. मग सगळी गाडी बायकांच्या डोहाळ्यांवर बोलत बसली. कुणाला माती, कुणाला पाटीची पेन्सिल. कंडक्टर डबा मांडीवर धरून माझ्याशेजारी बसला आणि लाजत म्हणाला, "माझ्या आईला एसटीचं तिकीट खावंसं वाटायचं. जुनं, कागदाचं."

"मग?"

"बाबा रोज एक फेरी मारायचे." त्याने डब्यावरचं फडकं घट्ट केलं. "म्हणून मी इथे लागलो असं आई म्हणते."

गोंदियात ड्रायव्हरने गाडी थांब्यावर न थांबवता आमच्या गल्लीच्या तोंडाशी उभी केली. खात्यात असते तर मी त्याची तक्रार केली असती.

चौथा दिवस: पुन्हा गोंदिया

सकाळी प्राचीची बॅग दाराशी भरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहून हसायचा प्रयत्न केला. "आई, नका हो एवढं करू," म्हणाली. चेहरा उतरलेला होता.

स्वयंपाकघराचं दार लावलं, खिडकीही लावली. शेजारच्या बाईंना मी भात बिघडवताना दिसायला नको होते. पटल्यांचा तांदूळ आधी घेतला. झाकण काढलं तर भात मोकळा, फुलासारखा. माझ्या हातानेच पाणी बेताचं घातलं होतं आणि आच वेळेवर कमी केली होती. हात ऐकत नव्हता. दुसऱ्या वेळी पतंगवालीचा तांदूळ घेतला, पाणी ओतताना तोंड फिरवलं आणि शिजताना पळीने ढवळला. आयुष्यात पहिल्यांदा शिजता भात ढवळला. तो असा गिचका झाला की पळी सोडेना. मला लाजही वाटली आणि अभिमानही.

आंबट घालताना अंदाज चुकला, बाटलीचं तोंड मोठं होतं. अळूची पानं चिंचेच्या पाण्यातून काढून उकडली, ती काळपट हिरवी झाली, बघणाऱ्याने लांबून बघावं. मरळ अभयने गच्चीवर शेगडीवर भाजला, वास खाली येऊ नये म्हणून, आणि त्यातला निम्मा निखाऱ्यात पाडला. उरलेल्याचे काटे काढून मीठ-लिंबू लावलं. मग बांबूच्या पट्टीवर पान, पानावर भात, भातात मासा, आणि गुंडाळी. शेवटी हात आपोआप मिसळणाच्या डब्याकडे गेला, दोन मोहऱ्या तरी तडतडाव्यात म्हणून. मी उजवा हात डाव्याने धरला आणि अभयला हाक मारली. "हा डबा उचल आणि माझ्या नजरेआड कर."

बारा तुकडे झाले. त्यातले नऊ उभे राहिले.

प्राची प्रवासाचे कपडे घालून टेबलाशी बसली. मी बशी ठेवली आणि बाथरूमच्या वाटेवरची खुर्ची आधीच बाजूला केली. तिने एक तुकडा उचलला. वास घेतला. पुन्हा घेतला. तोंडात टाकला आणि चावत राहिली. मग दुसरा उचलला. तिसऱ्यानंतर तिने बशी जवळ ओढली. पाचव्याला पान सुटलं, तिने ते बोटांनी गोळा करून खाल्लं. मी मोजत नव्हते, पण ते पाच होते.

खाली रिक्षावाल्याने हॉर्न वाजवला. अभय बॅग उचलायला वाकला.

"आई," प्राची तोंडातलं गिळत म्हणाली, "वाईट वाटून घेऊ नका. पण ही सुशी नाहीये."

"नाहीये?"

"अजिबात नाही." तिने सहावा उचलला.

"मग काय आहे?"

"काय माहीत," ती म्हणाली. "उद्या व्हिनेगर जरा कमी घाला."